.३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतूस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमबाजीच्या रेंजवर नवा माणूस आला की पहिले दोन दिवस तो गप्प असतो. तिसऱ्या दिवशी विचारतो, "काका, हे बत्तीस म्हणजे नक्की काय हो?" दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे एकदाचं लिहून काढलं. प्रश्न लोकांनी विचारलेलेच आहेत, फक्त त्यांचा क्रम मी लावला आहे.

हे नेमकं कोणतं काडतूस?

अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीने १८९६ साली काढलेलं, रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेलं छोटं काडतूस. पितळी पुंगळी सरळ नळकांड्यासारखी, २३.४ मिलिमीटर लांब. बुडाला बाहेर आलेली कड असते आणि तिचा व्यास साधारण साडेनऊ मिलिमीटर भरतो. सिलिंडरच्या, म्हणजे रिव्हॉल्व्हरमधल्या काडतुसं धरणाऱ्या फिरत्या भागाच्या, भोकात काडतूस टाकलं की ते या कडेवर अडकून राहतं, आत घसरत नाही. जुन्या पद्धतीची गोळी शिशाची, गोल नाकाची, वजनाला ९८ ग्रेन म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या थोडी वर. गोळीसकट सगळी लांबी साडेबत्तीस मिलिमीटर. करंगळीच्या दोन पेरांशेजारी ठेवून बघा, अंदाज येईल.

याला 'बत्तीस बोअर' म्हणतात ते बरोबर आहे का?

नाही. पण लायसन्सपासून दुकानाच्या पावतीपर्यंत सगळीकडे तेच लिहितात, त्यामुळे तुम्हीही खुशाल म्हणा.

'बोअर' हे मूळचं बारा बोअरच्या बंदुकीचं माप. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. याच हिशेबाने बत्तीस बोअर म्हणजे पौंडात बत्तीस गोळे, आणि तशी नळी निघते तेरा मिलिमीटरच्याही वरची. त्या मापाच्या छऱ्याच्या बंदुका खरोखर असतात. आपलं काडतूस 'पॉइंट बत्तीस' आहे, म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बत्तीस.

आता गंमत अशी, की गोळी मोजायला घेतली तर तीही .३२ इंच भरत नाही. ती भरते .३१२ ते .३१४, म्हणजे ७.९ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या आयुध निर्माणीच्या कागदात हेच काडतूस '७.६५ × २३' असं असतं. नळीत आतून पीळदार खाचा कोरलेल्या असतात. ७.६५ हे माप त्या खाचांमधल्या उठावाच्या रेघांमधलं, तर गोळी मोजली जाते खाचांच्या मापाने. म्हणजे एकाच वस्तूची तीन मापं झाली आणि तिन्ही आपापल्या जागी खरी. मी व्हर्नियर घेऊन बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की व्हर्नियरच बिघडलाय.

'लाँग' आहे, म्हणजे 'शॉर्ट'ही असणार?

आहे. किंबहुना तेच आधीचं. १८७८ साली स्मिथ अँड वेसनने खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरसाठी .३२ एस अँड डब्ल्यू (कंपनीच्याच नावाची आद्याक्षरं) काढलं. पुंगळी साडेपंधरा मिलिमीटरची आणि आत काळी दारू. कंपनीने त्याला 'शॉर्ट' म्हटलेलं नव्हतं. पुढे मोठा भाऊ जन्मला तेव्हा लोकांनी याला धाकटा ठरवलं.

त्या काळच्या अमेरिकेत स्वस्तातली, नळी खाली मोडून उघडणारी रिव्हॉल्व्हरं अनेक कारखाने बनवत. बिछान्याशेजारच्या खणात, दुकानाच्या गल्ल्यात, बाईच्या हातपिशवीत ती असायची. ६ सप्टेंबर १९०१ला बफेलो शहरात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर लिऑन चोल्गोशने दोन गोळ्या झाडल्या, त्या आयव्हर जॉन्सन कंपनीच्या अशाच .३२ रिव्हॉल्व्हरमधून. ते त्याने काही दिवस आधीच साडेचार डॉलरला विकत घेतलं होतं. मॅकिन्ली आठ दिवसांनी, जखम आत सडून गेले. "हे तर खेळण्यातलं काडतूस" असं कुणी म्हणालं की मी हा प्रसंग सांगतो.

मग लांब काडतूस काढायची गरज का पडली?

कारण पोलीस खात्यांना थोडं जास्त जोराचं काडतूस हवं होतं, पण हत्यार लहानच हवं होतं. स्मिथ अँड वेसनने १८९६मध्ये नवं रिव्हॉल्व्हर आणलं, 'हँड इजेक्टर'. तोवर त्यांची रिव्हॉल्व्हरं मधून मोडायची आणि उघडताना पुंगळ्या आपोआप वर यायच्या. याची चौकट मात्र अखंड. सिलिंडर डावीकडे बाहेर झुलायचं आणि पुढचा दांडा हाताने दाबून पुंगळ्या काढायच्या, म्हणून नाव 'हँड इजेक्टर'. आज जगातली बहुतेक रिव्हॉल्व्हरं अशीच उघडतात. या रिव्हॉल्व्हरबरोबरच जुनी पुंगळी आठ मिलिमीटरने लांबवून आलेलं काडतूस म्हणजे आपलं 'लाँग'. सुरुवातीला तेही काळ्या दारूचं होतं. बिनधुराची दारू नंतर आली.

'कोल्ट न्यू पोलीस' नावाचं काडतूस वेगळं आहे का?

तेच आहे. कोल्ट ही स्मिथ अँड वेसनची हाडवैरी कंपनी. स्वतःच्या नळीवर प्रतिस्पर्ध्याचं नाव कोरायचं कसं? मग गोळीचं नाक जरा चपटं केलं आणि '.३२ कोल्ट न्यू पोलीस' असं नामकरण केलं. दोन्ही एकमेकांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतात. मात्र '.३२ लाँग कोल्ट' हे निराळंच काडतूस आहे, त्याची पुंगळी बारीक असते. नावात 'लाँग' दिसलं म्हणून गल्लत करू नका.

थिओडोर रूझवेल्ट यांचा याच्याशी संबंध होता म्हणतात?

होता, पण काडतुसापेक्षा कोल्टच्या रिव्हॉल्व्हरशी जास्त. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, १८९५ ते १८९७ या काळात, ते न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. तेव्हा प्रत्येक शिपायाकडे वेगळं हत्यार आणि नेमबाजीचा आनंदीआनंद. रूझवेल्ट यांनी १८९६मध्ये बत्तीसचं कोल्ट न्यू पोलीस रिव्हॉल्व्हर सगळ्या खात्यासाठी ठरवलं आणि शिपायांना नेम शिकवायची सोय केली. मला यातलं दुसरं काम मोठं वाटतं. पुढे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इतरही काही पोलीस खात्यांनी हेच काडतूस घेतलं.

पोलिसांनी ते सोडलं कधी?

एका दिवसात नाही. शतक उलटताना .३८ स्पेशल आलं, ते जास्त जोरकस होतं, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बत्तीस मागे पडत गेलं. तरी स्मिथ अँड वेसनचं 'मॉडेल ३१' हे छोटं बत्तीस रिव्हॉल्व्हर १९९१पर्यंत बनत होतं. आज अमेरिकेत हे काडतूस हौशी लोकांचं आहे. जन्मगावी कुणी विचारत नाही आणि बाहेर दोन ठिकाणी चांगलं नांदतंय, अशी याची कहाणी. एक ठिकाण आपला देश, दुसरं युरोपातली नेमबाजी. दोन्हीबद्दल पुढे येतंच.

ताकद किती?

नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला साधारण २१५ ते २३५ मीटर. आवाजाच्या वेगापेक्षा बराच कमी. ऊर्जा दीडशे ते पावणेदोनशे जूल. लष्कराच्या ९ मिलिमीटर काडतुसाची याच्या तिप्पट तरी असते. म्हणजे हे .२२च्या पंगतीला बसणारं काडतूस आहे, फक्त गोळी अडीचपट जड.

कमी दाबाचा फायदा असा, की हत्यार झिजत नाही, हाताला झटका बसत नाही आणि पहिल्या बारालाच माणूस डोळे मिटत नाही. अचूकपणाबद्दल याची कीर्ती जुनी आहे. स्मिथ अँड वेसनने पुढे 'के-३२' नावाचं खास नेमबाजीचं रिव्हॉल्व्हर काढलं, ते याच काडतुसासाठी.

भारतात ज्याच्या त्याच्याकडे बत्तीसच का दिसतं?

कायद्यामुळे. लोकांना वाटतं की काहीतरी खास गुण असेल म्हणून. तसं काही नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम (सध्याचे २०१६चे) हत्यारांची दोन गटांत विभागणी करतात. एक प्रतिबंधित बोअर, दुसरा बिगरप्रतिबंधित. दुकानदार 'पीबी' आणि 'एनपीबी' म्हणतात. लष्कर-पोलीस जी काडतुसं वापरतात किंवा वापरत असत, म्हणजे ९ मिलिमीटर, .३८, .४५५, ती पहिल्या गटात. त्यांची परवानगी दिल्लीहून, गृह मंत्रालयाकडून. सामान्य माणसाला जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त जे लायसन्स देतात ते दुसऱ्या गटाचं, आणि त्या गटात हातात धरायच्या हत्यारांपैकी सहज मिळणारं म्हणजे .३२ आणि .२२. मग शेठजी, बागायतदार, पुढारी, सराफ सगळे बत्तीसवर येऊन थांबतात.

त्यात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळपास बंद. त्यामुळे जुन्या, आधीच देशात आलेल्या परदेशी बत्तीस रिव्हॉल्व्हरना आपल्याकडे लाखांत भाव येतो. अमेरिकेत तेच रिव्हॉल्व्हर जुन्या बाजारातली किरकोळ वस्तू आहे. तिथल्या माणसाला आपल्याकडची किंमत सांगितली तर तो बसल्या जागेवरून पडेल.

काडतुसं कुठे बनतात? खडकीत बनतात हे खरं?

खरं आहे. पुण्याच्या खडकीतली अम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची. इंग्रज खडकीला 'किर्की' म्हणत, म्हणून तिथल्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं ठोकलेली असतात : किर्की फॅक्टरी. गावाचं नाव कधीच परत खडकी झालं, बुडावरचा 'के' तसाच राहिला. बारा बोअरचं 'शक्तिमान' काडतूसही इथलंच. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाकडे हा कारखाना आहे आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे.

आमच्या रेंजवर एक निवृत्त गृहस्थ यायचे, सगळी नोकरी खडकीत झालेली. रिकामी पुंगळी उचलून बुडाकडे बघायचे आणि 'आमची' एवढंच म्हणून खिशात टाकायला जायचे. मग नियम आठवायचा आणि परत डब्यात टाकायचे.

आणि रिव्हॉल्व्हर?

कानपूरला. तिथलं .३२ रिव्हॉल्व्हर दिसायला थेट इंग्रजी वेब्ली मार्क ४. अंगठ्याने वरची कडी दाबली की नळी खाली झुकते आणि मधली चांदणी सहाही पुंगळ्या एकदम वर उचलते. पहिल्यांदा बघणारा हमखास "अरे वा" म्हणतो. रचना जुनी आहे, चाप जड आहे, पण या काडतुसाच्या दाबाला ती पुरते.

२०१४च्या जानेवारीत कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' आणलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर महिलांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मला तेव्हाही प्रश्न पडला होता आणि अजून आहे : लायसन्ससाठी महिनोन्‌महिने हेलपाटे आणि सव्वा लाख रुपये ज्या बाईला परवडतात, ती रात्री शेवटच्या बसची वाट बघत थांब्यावर उभी असते का?

ऑगस्ट २०२३मध्ये आलं 'प्रबल'. याचं सिलिंडर बाजूला झुलतं. जाहिरातीत ही मोठी नवलाई होती. स्मिथ अँड वेसनने ते १८९६मध्ये केलं होतं, याच काडतुसासाठी, हे आपण वर पाहिलंच. पण उशिरा का होईना, काम चांगलं झालंय.

बातमीत '७.६५ एमएमचे गावठी पिस्तूल व तीन जिवंत काडतुसे जप्त' असं येतं. ती काडतुसं हीच का?

बहुतेक वेळा नाहीत. ती असतात .३२ एसीपी ('ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल'), म्हणजे ७.६५ × १७. जॉन ब्राउनिंगने १८९९च्या सुमारास आपोआप भरणाऱ्या पिस्तुलासाठी काढलेली. बुटकी असतात आणि बुडाची कड जेमतेम बाहेर डोकावते.

ती .३२ एसीपी काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्ये चालतात का? बसतात तर खरी.

बसतात, तिथेच धोका आहे. एसीपीचा दाब जास्त असतो. ठरलेली कमाल मर्यादा एका चौरस इंचाला २०,५०० पौंड, आणि आपल्या लाँगची १५,०००. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरला हा फरक सोसेलच असं नाही. शिवाय कड अरुंद असल्यामुळे काडतूस नीट टेकत नाही. करू नका.

ही चूक किती सहज होते ते सांगतो. एकदा मी दुकानात "बत्तीसची पंचवीस द्या" म्हणालो, लायसन्स पुढे केलं, पुडकं घेतलं, घरी आलो. उघडलं तर आत बुटकी, चकचकीत, पिस्तुलाची काडतुसं. दुकानातल्या पोराला वाटलं बत्तीस म्हणजे बत्तीस. चूक माझीही, काउंटरवरच उघडून बघायला हवं होतं. परत करताना दोन्हीकडच्या नोंदवह्यांत खाडाखोड, सह्या, खुलासे, अख्खी सकाळ गेली. तेव्हापासून मी पूर्ण नाव घेतो : "रिव्हॉल्व्हरची, लाँग." आणि एक बाहेर काढून बघतो.

नाशिकच्या जॅक्सन प्रकरणात वापरलेलं हत्यार या जातीचं होतं का?

नाही. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला मारताना अनंत कान्हेरे यांनी वापरलं ते ब्राउनिंगचं पिस्तूल होतं, लंडनहून गुपचूप आलेल्या वीस पिस्तुलांपैकी. ती आपोआप भरणारी पिस्तुलं, या रिव्हॉल्व्हरी काडतुसाशी त्यांचा संबंध नाही.

नेमबाजीच्या स्पर्धेत हे कसं आलं? मी तर पिस्तुलात वापरताना पाहिलंय.

हा माझा आवडता प्रश्न, तेव्हा जरा ऐसपैस सांगतो.

आंतरराष्ट्रीय नेमबाजीत '२५ मीटर सेंटर फायर पिस्तूल' असा पुरुषांचा एक प्रकार आहे. 'सेंटर फायर' म्हणजे ज्याच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसून दारू पेटते ते काडतूस. ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आहे, आणि आशियाई स्पर्धांमध्येही २०१४पर्यंत होता. नियम सांगतो की काडतूस ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या दरम्यानचं हवं. साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाश, पाच-पाचच्या फैरी, प्रत्येक फैरीला पाच मिनिटं. पुढच्या तीस घाईच्या : लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं, आणि त्या तीन सेकंदांत हात वर आणून एकच गोळी. घाईत झटका जितका कमी तितकं बरं. मग या मर्यादेत बसणारं सर्वांत मवाळ, सर्वांत अचूक काडतूस कोणतं? पोलिसांनी दुबळं म्हणून टाकून दिलेलं हेच.

फक्त त्याची गोळी बदलली. तिला 'वॉडकटर' म्हणतात. नाक नाहीच, सपाट डोक्याचा शिशाचा ठोकळा, पुंगळीच्या तोंडाशी बरोबरीने बसवलेला. काडतूस हातात घेतलं तर गोळी दिसतच नाही, बंद डबी वाटते. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, भोकाच्या कडा आत वळतात आणि गुण नऊ की दहा यावरून भांडणं होतात. वॉडकटर कागदाचा गोल तुकडा कापून काढते, ऑफिसातल्या पंचिंग मशीनसारखा. मी पहिल्यांदा झाडली तेव्हा लक्ष्याजवळ जाऊन भोकात बोट घालून बघितलं होतं. कड अशी गुळगुळीत की कात्रीने कापल्यासारखी.

आणि पिस्तुलात ते बसतं याचंही कारण तेच. गोळी पुंगळीच्या आत असल्यामुळे लांबी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास राहते आणि मॅगझिन, म्हणजे पिस्तुलातली काडतुसांची पेटी, लहान करता येतं. वाल्थरची जीएसपी, इटलीची पार्डिनी, मूळची स्वित्झर्लंडची हॅमर्ली ही नावं रेंजवर ऐकाल. मॅगझिनमध्ये पाचच काडतुसं. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे यायला हवी. मागे राहिली तर अडकलीच, आणि स्पर्धेत नेमकी तेव्हाच अडकते. चांगली वॉडकटर फिनलंडची लापुआ, इटलीची फिओकी अशा कंपन्यांची येतात. खेळाडूंना ती मिळतात, पण खर्च विचारू नका.

आपल्या जसपाल राणा यांनी १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. २००६च्या दोहा स्पर्धेत त्यांनी ६००पैकी ५९० करून तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि एकूण तीन सुवर्णपदकं घेऊन आले. नव्या पिढीला ते मनू भाकरचे प्रशिक्षक म्हणून माहीत आहेत.

राही सरनोबत, मनू भाकर हेच वापरतात का?

नाही. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ वापरतात, त्याची दारू बुडाच्या कडेत पेटते. फैरींची रचना तीच, काडतूस वेगळं.

.३२ मॅग्नम म्हणजे काय?

याच घराण्यातले नातू. १९८४मध्ये .३२ एच अँड आर (हॅरिंग्टन अँड रिचर्डसन ही कंपनी) मॅग्नम आलं, पुंगळी २७.३ मिलिमीटर. मग २००७च्या सुमारास .३२७ फेडरल मॅग्नम, साडेतीस मिलिमीटरची. व्यास तोच, लांबी आणि दाब वाढत गेला. आखूड काडतूस लांब भोकात चालतं, उलटं चालत नाही. आपल्याकडे ही सहसा दिसत नाहीत, तेव्हा पुढे जाऊ.

आजोबांचं रिव्हॉल्व्हर घरात आहे. आजोबा गेले. आता?

तेराव्याची वाट बघू नका. लायसन्स माणसाच्या नावावर असतं, घराण्याच्या नाही. धारक वारला की ताबा बेकायदा ठरतो. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात हत्यार आणि काडतुसं जमा करा, पावती घ्या, मग वारसा हक्काने अर्ज करा. २०१६च्या नियमांत वारसाला लायसन्स देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. आजोबा हयात असतील आणि सत्तरी गाठली असेल, किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं असेल, तरी ते हयातीतच मुला-नातवाच्या नावे करता येतं. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं आणि नंतर धावपळ होते.

आमच्याकडे तसंच झालं. रिव्हॉल्व्हर वेळेवर जमा केलं, सगळे निर्धास्त. दोन वर्षांनी माळा आवरताना आजीचा पितळी डबा निघाला. आत जुनी नाणी, एक तुटकी नथ आणि फडक्यात गुंडाळलेली सहा काडतुसं. आजोबांनी 'असू देत' म्हणून ठेवलेली. आई म्हणाली नदीत टाकून ये. तसं कधीही करू नका. मी सरळ ठाण्यात गेलो, अर्ज लिहून दिला, पावती घेतली. ठाणे अंमलदारांनी चार प्रश्न विचारले आणि चहा पाजला.

एखादं काडतूस बॅगेत राहिलं आणि विमानतळावर सापडलं तर?

नुसतं काडतूस बाळगायलाही लायसन्स लागतं, त्यामुळे गुन्हा नोंद होऊ शकतो. नकळत राहिलं असेल तर न्यायालयं जाणीवपूर्वक ताबा होता का हे पाहतात आणि अशी प्रकरणं रद्दही झाली आहेत. पण विमान चुकतंच, शिवाय वकील. रेंजवरची बॅग प्रवासाला नेऊ नका.

लायसन्सबद्दल थोडक्यात?

वय किमान २१. २०१९च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षं आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. काडतुसांची संख्या लायसन्सवर लिहिलेली असते, तिच्या वर एकही नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा करायचा आदेश येतो, तेव्हा कुरकुर न करता जमा करा. लग्नाच्या वरातीत बार काढलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ही तरतूदही २०१९चीच.

रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरता येतात का?

अमेरिकेत हा घरगुती छंद आहे. आपल्याकडे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, तुमचं रिव्हॉल्व्हरचं लायसन्स त्याला चालत नाही. विषय संपला.

जुनी काडतुसं किती वर्षं टिकतात?

कोरड्या, थंड जागी दशकानुदशकं. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलीत तर चार वर्षांत पितळ कळकतं, हिरवट भुकटी धरते. तसलं वापरू नका. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवायची हौस असते, तीही नको, कमावलेलं चामडं पितळाला खातं. आणि चाप ओढल्यावर बार झालाच नाही, तर हत्यार लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबा. कधीकधी दारू उशिरा पेटते. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं आणि उशिराचा बार बाजूच्या भोकात होऊ शकतो, म्हणून घाई नको.

खंडेनवमीला पूजा करताना काय काळजी घ्यायची?

पाटावर ठेवण्याआधी सगळी काडतुसं काढा, सिलिंडर उघडं ठेवा, ते उघडंच दिसू द्या. हळदकुंकू मुठीच्या लाकडाला लावा. नळीच्या तोंडाला आणि सिलिंडरच्या भोकांना नाही. आमच्या काकूंनी एका वर्षी सहाही भोकांत मनोभावे अक्षता घातल्या होत्या. त्या मी दसऱ्याच्या सकाळी दात कोरायच्या काडीने एकेक करून काढत बसलो होतो.